बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका निर्यात-कागदपत्र सेवेचा अनुभव

बेळगाव परिसर बॉक्साइट, ऊस, तंबाखू आणि ओतकामाचे कसब यांनी संपन्न असला, तरी येथील लहान कारखानदाराचा माल परदेशी जाताना बहुधा कागदपत्रांपाशीच अडतो. म्हणून आमच्या बिडाच्या सुट्या भागांची पहिली खेप ज्या कस्टम एजंटाकडे सोपवली, त्यांच्या सेवेविषयी लिहीत आहे. अक्षरे-अंक मिळून १० चिन्हांच्या आयईसी (आयात-निर्यात संकेतांक) क्रमांकापासून, आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) न भरता माल पाठवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एलयूटी या हमीपत्रापर्यंत सर्व त्यांनी समोर बसवून समजावले, आणि हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावे लागते, हेही आवर्जून सांगितले. माल सीमाशुल्क वर्गीकरणातील ७३२५ या शीर्षाखाली, म्हणजे साधे ओतीव काम म्हणून दाखवायचा की यंत्राचा भाग म्हणून, हे त्यांनी नमुना हातात घेऊन, त्यावरील यंत्रकामाच्या खुणा बोटाने चाचपूनच ठरवले. ही काळजी मला फार मोलाची वाटते. मात्र पॅकिंग लिस्टमध्ये निव्वळ वजन चुकीचे पडल्याने कंटेनर न्हावा-शेवा बंदरात चार दिवस अडकला. चूक त्यांनी मान्य केली, पण जादा भाडे आम्हालाच भरावे लागले. पुढची खेप त्यांच्याकडेच देणार आहे, परंतु वजनाचा प्रत्येक आकडा स्वतः ताडून पाहिल्यावरच.