ध्येय-नियोजनाचं अ‍ॅप, वर्षभराची वर्गणी आणि सलग दिवसांचा आकडा

वर्गणी संपत आली आहे आणि नूतनीकरणाची आठवण रोज येते आहे. मी नूतनीकरण करणार नाही. वर्षभराचे पैसे एकरकमी भरले होते, म्हणून वसूल होईपर्यंत अ‍ॅप चिकाटीने वापरलं. त्यामुळे हे मत दोन दिवसांच्या वापरावरचं नाही.

अशी अ‍ॅप्स ज्यांनी हाताळली आहेत त्यांना रचना ठाऊकच असेल: ध्येय लिहा, मुदत टाका, अ‍ॅप टप्पे पाडून देईल, रोज झालं की खूण करा. माझी ध्येयं तीन होती. दूरशिक्षणातून घेतलेली आणि अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करणं, फिजिओथेरपिस्टने पाठीसाठी दिलेले व्यायाम नियमित करणं आणि अडीअडचणीसाठी थोडे पैसे बाजूला टाकणं. तिसऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय बँकेत करून ठेवली, ते काम तिथेच मिटलं. अ‍ॅपचा त्यात काही वाटा नाही.

आता मूळ दुखणं. एका रात्री नेटवर्क नव्हतं. व्यायाम झाला, झोपण्याआधी खूण केली. सकाळी नेटवर्क आल्यावर ती नोंद सर्व्हरवर गेली, पण नव्या दिवसाच्या तारखेने. आदल्या दिवसाचा चौकोन रिकामा पडला आणि कित्येक आठवड्यांचा सलग आकडा थेट शून्यावर आला. स्क्रीनवर राखाडी वर्तुळ, मधोमध शून्य आणि खाली ‘चला, पुन्हा सुरुवात करूया!’ सुरुवात कसली? रोज व्यायाम चालूच होता.

ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर ठोकळेबाज: लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. केलं, तर अजून सर्व्हरवर न गेलेल्या बाकीच्या नोंदीही पुसल्या गेल्या. मग स्क्रीनशॉट मागितले, ते पाठवले. शेवटी उत्तर आलं की नोंद सर्व्हरला मिळाल्याची वेळच ग्राह्य धरली जाते, ही अ‍ॅपची रचना आहे. आणि वरच्या श्रेणीची वर्गणी घेतल्यास ‘सलगता दुरुस्ती’ची सोय मिळते. म्हणजे तारीख चुकवली त्यांच्या यंत्रणेने आणि ती नीट करायचे पैसे मी भरायचे. उरलेल्या महिन्यांचा परतावा मागितला, तोही नाकारला. मला याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

तारखेची ही चूक ते कधीतरी सुधारतीलही. पण या निमित्ताने मी त्या आकड्याकडेच नीट पाहिलं आणि माझी तक्रार आणखी वाढली. नेटवर्क व्यवस्थित असताना, खरोखरच एखादा दिवस चुकला, तरी शून्य दाखवणं बरोबर आहे का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा पाठपुरावा केला होता. एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक त्यात ६६ दिवस आला, आणि माणसागणिक अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. शिवाय मध्येच एखादी संधी हुकली म्हणून सवय रुजण्यात फारसा अडथळा आला नाही. हे अ‍ॅप मात्र पहिल्याच पानावर ‘२१ दिवसांत सवय’ म्हणून सांगतं. या २१ चं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला साधारण किमान तेवढे दिवस लागतात. त्याचा रोजच्या व्यायामाशी काय संबंध? पैसे घेऊन सेवा विकणाऱ्यांनी एवढं तपासून घ्यायला हवं होतं.

शून्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसतो. पाठ कालच्याइतकीच सुधारलेली असते, स्नायूंचं काहीच वाया गेलेलं नसतं, आणि तरीही मन म्हणतं, गेलंच आहे तर आज राहू दे. योजनेने नेमक्या याच क्षणी माणसाला हात द्यायचा असतो.

आता चांगली बाजू, कारण ती खरोखर चांगली आहे. टप्प्याच्या पानावर, तीनदा बोट लावल्यावर सापडेल अशा जागी, ‘जर–तर’ नावाचा रकाना आहे. सुरुवातीला तो भरायचा मला कंटाळा यायचा. साप्ताहिक अहवालातले रंगीत आलेख तेव्हा जास्त आवडायचे. काही महिन्यांनी मत पूर्ण फिरलं. आलेख पाहून मी एकदाही अभ्यासाला बसले नाही. त्या रकान्यातल्या ओळींमुळे मात्र बसले. ‘रोज अभ्यास करणे’ ही ओळ तशीच पडून राहायची. तिच्या जागी लिहिलं: ‘रात्रीचं ताट विसळून ठेवलं की फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि काल अडलेलं गणित वहीत नव्याने उतरवायचं.’ सोडवायचं नाही, फक्त उतरवायचं. उतरवता उतरवता पेन पुढे चालतं. खाली दुसरी ओळ: ‘कामावरून यायला उशीर झाला, तर धडा नाही, फक्त व्याख्या.’ ही दुसरी ओळ नसती तर उशिराचे सगळे दिवस कोरेच गेले असते.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी या प्रकारावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कधी, कुठे आणि कसं करायचं हे प्रसंगाशी बांधून ठेवलं की ऐनवेळी नव्याने ठरवत बसावं लागत नाही. प्रसंग समोर आला की कृती आठवते. पास्कल शीरन यांच्यासोबत २००६ मध्ये त्यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात परिणाम मध्यम ते मोठा दिसला. इतकी कामाची गोष्ट अ‍ॅपमध्ये तिसऱ्या पडद्याआड आणि शून्याचं वर्तुळ मुखपृष्ठावर!

टप्पे पाडण्याबद्दलही थोडं. जितके धडे तितके आठवडे, अशी सरळ वाटणी अ‍ॅप करतं. मला प्रत्येक धड्याला साधारण दीडपट वेळ लागत होता आणि ती नोंद अ‍ॅपकडे होती. तरी पुढच्या पेपरचं वेळापत्रक पुन्हा त्याच हिशेबाने हातात दिलं. माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतात, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत संपेल असं म्हटलं होतं, प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. माणूस आशेवर मुदत ठरवतो हे समजू शकतं. अ‍ॅपला तर माझे मागचे आकडे बघायचे होते, गुणाकार करायचा होता, बस्स. हल्ली मुदत मी आधी मनात धरते, मग तिच्या निम्म्याने वाढवून लिहिते. पदवीचे उरलेले पेपर आता त्या वेळापत्रकाने चालले आहेत आणि आठवडा संपताना छातीत धडधडत नाही.

सध्या सगळं रेघांच्या वहीत आहे. डाव्या पानावर आठवड्याच्या जर–तर ओळी, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं. सलग दिवस मोजत नाही. आठवड्यात किती वेळा झालं एवढंच लिहिते. एखादी ओळ दोन आठवडे चालली नाही तर खोडून तिची वेळ बदलते. बहुतेकदा वेळच चुकीची निवडलेली असते. सकाळी घाईत ठरवलेला व्यायाम संध्याकाळी, घरी आल्या आल्या, चप्पल काढली की लगेच, असा लिहिला आणि तो टिकला.

तरीही कोणाला अ‍ॅपच हवं असेल, तर आधी फुकटची आवृत्ती घ्या, त्यातला जर–तर रकाना वापरून पाहा आणि सलग आकडा लपवता येतो का ते तपासा. माझ्यात लपवता येत नव्हता. नोंदी बाहेर काढता येतात का, हेही पैसे भरण्याआधी बघा. मला फक्त चित्रासारखी पीडीएफ मिळाली, त्यातल्या ओळी हाताने वहीत उतरवाव्या लागल्या. आणि वर्गणी थांबवायची असेल तर नुसतं अ‍ॅप काढून टाकू नका, त्याने वर्गणी थांबत नाही. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधल्या वर्गण्यांच्या यादीत जाऊन ती रद्द करा, तीही मुदतीच्या एक-दोन दिवस आधी. मी काल केली.