भाड्याच्या बोटीवरची सागरी मासेमारी : आमची फसवणूक कशी झाली

समुद्रात गळ टाकला आणि मासा लागला नाही, तर त्याचा दोष बोटवाल्याला देता येत नाही आणि मीही देत नाही. पाण्याचे तापमान, भरती-ओहोटीची ओढ, आमिष आणि नशीब हे सगळे जुळून यावे लागते. मुरलेला तांडेलही (बोट चालवणारा प्रमुख) कधीकधी रिकाम्या हाताने परततो. मात्र याच अनिश्चिततेचा आडोसा घेऊन आमच्या कुटुंबाकडून ज्या पद्धतीने पैसे उकळले गेले, ती पद्धत इतरांना कळावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. असे पैसे घेणारा माणूस दरवेळी ‘समुद्रापुढे कोणाचे काय चालते’ एवढे म्हणून मोकळा होतो.

जाहिरातीत आणि नंतर फोनवर आम्हाला जे सांगितले गेले ते अगदी स्पष्ट होते. संपूर्ण बोट फक्त आमच्यासाठी असेल, पहाटे निघायचे, किनाऱ्यापासून 18 सागरी मैलांवर सुमारे 40 मीटर खोलीत असलेल्या खडकावर गळ टाकायचे, एकूण फेरी आठ तासांची, आणि गळ, काठ्या, आमिष हे सर्व भाड्यातच. 18 सागरी मैल म्हणजे जवळपास 33 किलोमीटर. बोट 9 नॉटच्या (ताशी 9 सागरी मैल) वेगाने गेली तर जायला दोन तास आणि यायला दोन तास, म्हणजे प्रत्यक्ष मासेमारीला चार तास उरतात, हा हिशोब त्या माणसाने स्वतःहून मांडला. जो इतके सरळ बोलतो तो खोटे बोलत नसेल, असे कोणालाही वाटेल. पूर्ण रक्कम त्याने आगाऊ घेतली.

ठरल्याप्रमाणे आम्ही उजाडण्यापूर्वी धक्क्यावर पोहोचलो. आधी आमिष यायचे आहे असे सांगण्यात आले, मग डिझेल भरायचे आहे, मग तांडेल वाटेत आहे. उन्हे चांगली वर आल्यावर बोट लागली, आणि ती फोटोतली नव्हती. फोटोत केबिन आणि दोन इंजिने असलेली मोठी बोट होती. समोर आली ती एकाच इंजिनाची, छत नसलेली लहान बोट, आणि तीत दुसरे एक अनोळखी कुटुंब आधीच बसलेले होते. त्यांनाही ‘संपूर्ण बोट तुमचीच’ असेच सांगण्यात आले होते. मोठ्या बोटीचे अचानक काम निघाले, आता रद्द केले तर पैसे परत मिळणार नाहीत, हे उत्तर खलाशाने इतक्या सहजपणे दिले की ते त्याच्या रोजच्या सरावाचे असावे.

मला सर्वांत जास्त संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. लाइफजॅकेट कुठे आहेत असे विचारल्यावर नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) बाजूच्या फळीखाली आहेत असे खुणेने दाखवण्यात आले. त्या फळीवर बर्फाची भरलेली पेटी ठेवलेली होती आणि जॅकेटांचा गठ्ठा नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलेला होता. आग्रह धरल्यावर खलाशाने पेटी सरकवून गाठ सोडली. मुलांच्या मापाचे एकही जॅकेट त्यात नव्हते आणि एकाची बकल तुटलेली होती. संकटाच्या वेळी मदत मागण्यासाठी जगभर व्हीएचएफ रेडिओचा (बोटींवरच्या बिनतारी संभाषणाच्या रेडिओचा) 16 क्रमांकाचा चॅनेल वापरतात. या बोटीवर रेडिओ होता, पण बोलायच्या मायक्रोफोनची वायर तुटून लोंबत होती. आम्ही एक प्रौढ जॅकेट पट्टे गच्च ओढून मुलीला बांधले, जे मुळीच पुरेसे नव्हते, आणि पूर्ण वेळ तिला मध्यभागी बसवून ठेवले.

निघाल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत इंजिन मंदावले आणि नांगर पडला. मोबाइलचे नेटवर्क नसले तरी फोनला उपग्रहांवरून स्थान कळते, आणि त्याप्रमाणे आम्ही बंदरापासून जेमतेम चार सागरी मैलांवर होतो. बंदराचा बांध उघड्या डोळ्यांनी दिसत होता. तांडेलाच्या समोरच्या इको साउंडरवर (ध्वनीने पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्रावर) खोलीचा आकडा 11 मीटर होता. विचारणा केली तेव्हा त्याने सांगितले की उन्हाळ्यात मासा किनाऱ्याकडे सरकतो, त्यामुळे आज लांब जाण्यात अर्थ नाही. हे पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते. लहान माशांचे थवे उथळ पाण्यात आले की त्यांच्या मागे शिकारी मासे किनाऱ्याजवळ येतात. परंतु आम्ही पैसे भरले होते ते तळाच्या खडकावर राहणाऱ्या मोठ्या माशांसाठी. वरचे पाणी तापते तेव्हा असे मासे बहुधा खालच्या थंड थरात थांबतात.

शिवाय आमच्या खाली खडक नव्हताच. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळून वर घेतले की दरवेळी त्याला बांधलेल्या शिशाच्या वजनाला काळा, चिकट गाळ लागलेला असे. खडकाळ तळावर शिसे नाही तर गळ कुठेतरी अडकतो, तंगूस तुटते, निदान ओढून सोडवावे लागते. त्या ठिकाणी कोणाचाही गळ एकदाही अडकला नाही.

असे करण्यामागचे कारण डिझेल. फेरीच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो आणि वेग वाढवला की त्याचा वापर वेगाच्या कितीतरी पटीने वाढतो. 18 मैलांचे पैसे घेऊन चार मैलांवर नांगर टाकला की वाचलेले सगळे इंधन म्हणजे नफा.

काही वेळाने खलाशाने बर्फाच्या पेटीतून एक मोठा मासा काढला आणि फोटोसाठी हातात धरा असे आमच्या मुलीला सांगितले. त्या माशाचे डोळे खोल गेलेले आणि दुधासारखे पांढरट झाले होते. कल्ला उचलून पाहिला तर आतला भाग लाल असण्याऐवजी तपकिरी होता. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि स्वच्छ असतो, हे बाजारात मासे घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आम्ही फोटोला नकार दिला. दुसऱ्या कुटुंबातील मुलाने तो मासा धरला, आणि ‘आजची पकड’ या शीर्षकाखाली तो फोटो पुढे जाहिरातीत आला.

दुपार होताच तांडेलाने वारा वाढल्याचे सांगून नांगर उचलला. वारा खरोखर वाढला होता. उन्हाळ्यात जमीन तापली की समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा सुटतो, दुपारी त्याचा जोर वाढतो आणि संध्याकाळी तो ओसरतो. समुद्रावर पोट असणाऱ्या माणसाला हे घड्याळाइतके माहीत असते. पहाटे निघालेली बोट या वाऱ्याआधी आपले काम उरकू शकते. उशिरा निघालेली बोट मात्र नक्की त्यात सापडते, आणि ‘बोट सुटल्यानंतर हवामानामुळे फेरी आटोपल्यास परतावा नाही’ ही अट तर आधीच कबूल करून घेतलेली असते. धक्क्यावरचा तो उशीर ठरवून केलेला होता, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

परतावा मागितला तेव्हा ‘आम्ही माशांची हमी देत नाही’ असे उत्तर आले. त्यामुळे तक्रारीत मी माशांचा उल्लेखच केला नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोनमध्ये वेळेसह नोंदला गेलेला मार्ग, इको साउंडरचा फोटो आणि बदललेल्या बोटीचा फोटो एवढेच बँकेला पाठवले, कारण रक्कम कार्डाने भरली होती. काही महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर तिचा काही भाग परत मिळाला. दुसऱ्या कुटुंबाने रोख दिली होती. त्यांना काहीही मिळाले नाही.

बोट ठरवताना नाव, नोंदणी क्रमांक, प्रवासी क्षमता, निघण्याची वेळ, अंतर आणि खोली हे सर्व लेखी संदेशात मागावे, आणि बोट बदलल्यास पूर्ण परतावा मिळेल हे वाक्यही त्यात लिहून घ्यावे. चोख व्यवहार करणारे बोटवाले ही माहिती कुरकुर न करता देतात, असे मी नंतर इतरांशी बोलताना पाहिले. आमच्याशी बोलणाऱ्या माणसाने नोंदणी क्रमांक विचारताच विषय बदलला होता. आता त्याच मोठ्या बोटीचे फोटो वेगळ्या नावाने पुन्हा दिसू लागले आहेत आणि प्रत्येक फोटोत बोटीच्या बाजूवरचा क्रमांक पुसट केलेला आहे. अशा जाहिरातीवर कोणी आगाऊ रक्कम भरली असेल, तर त्यांनी फेरीच्या तारखेची वाट न पाहता आजच क्रमांक लेखी मागावा, आणि तो न मिळाल्यास लगेच बँकेकडे तक्रार नोंदवावी.