थेरपीचा अनुभव: बरेच महिने झाले, भांडण झालं, अजून जातोय

थेरपी म्हणजे मनाच्या त्रासासाठी थेरपिस्ट मॅडमकडे ठरलेल्या वेळी जाऊन बोलायचं, अशा एका भेटीला सेशन म्हणतात. रिव्ह्यू लिहायचं डोक्यात नव्हतं, पण न घेतलेल्या सेशनची पूर्ण फी कापली गेली तेव्हापासून हात शिवशिवतायत. २४ तास आधी कळवलं नाही तर फी लागते हा नियम मला माहीत होता, फॉर्मवर सही माझीच आहे, पण मी सकाळी फोन करून सांगितलं होतं ना की आज बोलण्यासारखं खास काही नाहीये, माझी वेळ कुणा गरजूला द्या. म्हणजे चांगलं करायला गेलो आणि वर दंड. रिसेप्शनवरच्या मॅडमशी चांगलीच वाजली. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अहो सर, इथे बाहेर रांग नसते. ज्याची वेळ त्याचीच. तुम्ही आला नाहीत, तुमच्या थेरपिस्ट मॅडम रिकाम्या बसल्या."

ह्यावर मी गप्पच झालो, कारण माझी सगळी थिअरीच त्या रांगेवर उभी होती, की मी खुर्ची अडवून बसलोय आणि खरा त्रास असलेला कुणीतरी माझ्यामुळे बाहेर ताटकळतोय. वेटिंग लिस्ट असते, नाही असं नाही, पण ती नव्या लोकांची, आणि मी ऐन वेळी एक दुपार सोडली म्हणून त्यात कुणाचा नंबर लागत नाही. (पूर्ण फी घेणं तरी मला अजून पटलेलं नाही. अर्धी घ्या.)

आता घड्याळ. तास म्हणायचं आणि ५० मिनिटं द्यायची हे काय आहे? आणि घड्याळ ठेवलंय कुठे, तर माझ्या डोक्यामागच्या शेल्फवर, म्हणजे थेरपिस्ट मॅडमना दिसतं आणि मला मान वळवून बघावं लागतं. आणि मी बघायचो, सारखा. मुद्दे मोबाईलमध्ये लिहून न्यायचो, पटापट उरकायचो, जिथे जरा गळा दाटायला लागला तिथे "असो, एवढं काही नाही" म्हणून पुढचा मुद्दा, आणि पाच मिनिटं शिल्लक असतानाच "झालं माझं". दहा मिनिटं कमी देतात म्हणून चरफडायचं आणि मिळालेल्यातली पाच आपणच परत करायची, असा तो कारभार. एकदा त्यांनी विचारलंच, "ह्या वेळात मी दुसरं काय करायला हवं होतं असं वाटतं तुम्हाला?" मी म्हटलं, ज्यांना खरंच त्रास आहे त्यांना बघायला हवं. "त्यांना मी त्यांच्या वेळेत बघते," एवढंच म्हणाल्या. ती दहा मिनिटं नोट्स लिहायला आणि पुढच्या माणसाआधी डोकं मोकळं करायला लागतात हे नंतर कळलं, त्यामुळे तो मुद्दा मागे घेतो. शेल्फचा नाही.

बरं, मला खरा त्रास नाही ह्याचा माझ्याकडे पुरावा होता. सुरुवातीला पीएचक्यू-९ नावाचा डिप्रेशन चाचपायचा फॉर्म भरून घेतात ना, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. १० पासून मध्यम डिप्रेशन धरतात. माझी बेरीज त्याच्या खाली, 'सौम्य' मध्ये. झालं, मी धरून चाललो की इथे बसायला आपण पात्रच नाही. फीच्या भांडणानंतर मॅडमनी तोच कागद काढला, माझ्यापुढे सरकवला आणि सहाव्या प्रश्नावर पेन टेकवलं. बाकी सगळीकडे शून्य आणि एक, सहाव्याला तीन, म्हणजे जवळजवळ रोज. हा प्रश्न काय, तर स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत, स्वतःची नाहीतर घरच्यांची निराशा केली असं वाटणं. आपण त्या वेळेच्या लायकीचे नाही, हे जे कारण काढून मी सेशन सोडत होतो ते तिथे लक्षण म्हणून छापलेलं आहे, आणि हा फॉर्म २००१ पासून वापरात आहे! "तुम्ही पण महत्त्वाचे आहात हो" असलं काही त्या बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर मी ऐकून सोडून दिलं असतं.

(हा फॉर्म म्हणजे चाळणी, निदान नाही. आणि नववा प्रश्न, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येण्याचा, तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज किती ते बघत बसायचं नाही, लगेच सांगायचं.)

अजून एक. खरी गोष्ट मी कायम दाराशी सांगायचो. बॅग खांद्याला, हात कडीवर, आणि मग "तसं काही विशेष नाही, पण भावाशी कित्येक वर्षं बोलणं नाहीये." वेळ संपलेली, म्हणजे त्यावर मॅडमचा वेळ खर्च व्हायचा प्रश्नच नाही. असं करणारे खूप असतात म्हणे. त्यांनी मला परत बसवलं नाही, "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू" म्हणाल्या आणि दार उघडलं. जाम राग आला, दोन मिनिटं जास्त दिली तर काय बिघडतं? आठवडाभर वाटत होतं की विसरणार, इतक्या लोकांचं कोण लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी मी नीट बसलोही नव्हतो, "तर, भाऊ." मोबाईल खिशातच राहिला.

किती दिवस चालतं म्हणाल तर १९८६ चा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात ८ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांना आणि २६ पर्यंत चारातल्या तिघांना फरक पडला होता. आपलं किरकोळच आहे म्हणून मी आठवरच हिशोब मिटवायचं ठरवलेलं. आठ कधीच मागे पडले, त्यातले पहिले काही तर मी किती बरा आहे हे पटवण्यातच गेले.

आता पंधरा दिवसांनी भेटू असं मॅडमनीच सुचवलंय. पहिला विचार काय आला, तर कंटाळल्या. ह्यावेळी ते तिथल्या तिथे बोललो, आणि अर्धं सेशन त्यावरच गेलं. गेलं तर गेलं.

पाचपैकी साडेतीन. एक फीचा कापला, अर्धा घड्याळाचा. आपलं दुखणं थेरपीइतकं मोठं आहे का असा घोळ कुणाचा चालू असेल तर पहिली भेट त्यासाठीच असते, थेरपिस्टकडचं काम नसेल तर थेरपिस्टच दुसरीकडे पाठवतात, ती तपासणी घरी बसून आपण करायची गरज नाही. शेल्फबद्दल रिसेप्शनला लेखी दिलंय, उत्तर अजून नाही.