ग्रेसी की जेसी? सुरुवात कुणापासून करावी

1930च्या दशकातले ब्रिटिश बोलपट बघायला घ्यायचे आणि हाताशी एकच संध्याकाळ, तर निवड शेवटी दोघींतच होते: ग्रेसी फील्ड्स आणि जेसी मॅथ्यूज. दोघी गायच्या, दोघी रंगभूमीवर नाव कमावून पडद्यावर आल्या, दोघींची घरं गरीब. ग्रेसी 1898 सालची, लँकशायरमधल्या रॉचडेलची. आजीचं तळलेल्या माशांचं दुकान होतं, त्याच्या माडीवर ती जन्मली. लहान वयातच अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस सूतगिरणी, असं तिचं चालायचं. जेसी 1907 सालची, लंडनच्या सोहोतल्या फळं-भाजी विकणाऱ्याची मुलगी, भरपूर भावंडांतली.

खरा फरक बोलीचा. ग्रेसीने रॉचडेलचे हेल शेवटपर्यंत सोडले नाहीत. जेसीने सोहोची बोली घासूनपुसून टाकली आणि बड्या घरचे उच्चार शिकून घेतले. ते आज फार ताणलेले वाटतात. कान सरावायला थोडा वेळ द्या.

मग ती नाचायला लागते आणि उच्चारांचा विसर पडतो. दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिलच्या 'एव्हरग्रीन'मध्ये (1934) आई आणि मुलगी दोन्ही तीच आहे. 'डान्सिंग ऑन द सीलिंग' या गाण्यावर ती घरात एकटीच नाचते, खोल्यांतून नुसती वाहत जाते. नाच बसवलाय बडी ब्रॅडली या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताने. इतका हलका पाय त्या काळच्या ब्रिटिश पडद्यावर मला दुसरा दिसलेला नाही.

ग्रेसीचा 'सिंग ॲज वी गो'ही 1934चाच, पटकथा जे. बी. प्रीस्टली यांची. गिरणी बंद पडते, काम जातं आणि ही सायकल काढून रोजगार शोधायला ब्लॅकपूलला निघते. बरंचसं चित्रण खुद्द ब्लॅकपूलमध्ये झाल्यामुळे मंदीच्या काळातलं ते सुट्टीचं गाव, त्याची जत्रा आणि गर्दी डोळ्यांसमोर उभी राहते. कथेचे सांधे ढिले आहेत. पण शेवटी गिरणी पुन्हा सुरू होते आणि कामगार गात आत शिरतात, तेव्हा गिरणगावात वाढलेल्या कुणाच्याही घशात आवंढा येईल. आपल्याकडे तसं गात परत जाणं किती जणांच्या वाट्याला आलं?

दोघींनी सोसलंही. 1930 साली एव्हलिन ले या अभिनेत्रीच्या घटस्फोटाच्या खटल्यात, तिचा नवरा सॉनी हेल याला जेसीने लिहिलेली खासगी पत्रं कोर्टात वाचली गेली, न्यायाधीशांनी तिच्यावर कडक ताशेरे ओढले. 1940मध्ये ग्रेसीने मूळच्या इटालियन दिग्दर्शक माँटी बँक्सशी लग्न केलं. इटली युद्धात उतरल्यावर तो नजरकैदेत जाऊ नये म्हणून तिला देश सोडावा लागला, आणि ज्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांतलेच काही तिला नावं ठेवू लागले.

माझा कौल ग्रेसीला, कारण तिच्यासोबत एक अख्खं गाव दिसतं. तुम्हाला कथेपेक्षा नाचाची ओढ असेल तर मात्र थेट 'एव्हरग्रीन' लावा, त्यानंतर 1936चा 'इट्स लव्ह अगेन'. याच सॉनी हेलशी जेसीने पुढे लग्न केलं; त्याने दिग्दर्शित केलेले तिचे पुढचे चित्रपट मागाहून बघितले तरी चालतील.