नागपुरातून बुक होणारी शिडबोट सफर: मुंबई ते मालवण

सीताबर्डीवरच्या एका एजन्सीचं हे पॅकेज. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम निवडलाय ते उत्तम. पहाटे जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी मिळतो. मालवणहून मुंबईकडे येणारी सफर स्वस्त दिसली तरी घेऊ नका, दुपारभर इंजिनच चालवावं लागतं.

वेळापत्रक मात्र ढिसाळ. विजयदुर्ग ते मालवण साधारण 30 सागरी मैल, 5 नॉटने (ताशी 5 सागरी मैल) सहा तास. हे निघतात दहाला! वारा पडला की अंधार गाठतो, आणि मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. तिथे उजेडातच, स्थानिक तांडेल (होडीचा प्रमुख) सोबत घेऊनच शिरावं. सातला निघायचं आधीच लिहून घ्या. रात्रीचा टप्पा असेल तर सरळ नाही म्हणा. मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत आणि बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंततात.

विजयदुर्गला वाघोटन खाडीत झकास आडोसा. नांगर टाकताना भरतीची वाढ धरून खोलीच्या पाचपट साखळी सोडतात का, ते बघा: 5 मीटरला 25. कमी सोडली की नांगर घसरतो.

जंजिऱ्याला राजपुरीहून होडी, रत्नागिरीत थिबा राजवाडा. सिंधुदुर्गाला मात्र अर्धा दिवस हवाच. 1664 मध्ये पायाभरणी झालेल्या किल्ल्याला हे दीड तास देतात.

जेवण ठीक, पण सावजीच्या जिभेला सपक. परतीचं तिकीट पॅकेजमध्ये नाही. जवळचं स्टेशन कुडाळ.