महाडीबीटीवरील ठिबक अनुदान : सोय खरी, पण आधी खिसा रिकामा

ठिबक सिंचनासाठी केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. त्यात राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर पडून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. आकडे उदार असले, तरी ते शासनाने ठरवलेल्या खर्च मर्यादेवर मोजले जातात, विक्रेत्याच्या बिलावर नव्हे, हे अर्जदाराने आधीच ध्यानात घ्यावे.

या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तेथे एकाच अर्जात अनेक योजनांची निवड करता येते, ही मोठी सोय आहे. सातबारा आणि आठ-अ यांवरील नाव आधारशी तंतोतंत जुळत असेल, तर काम सुकर होते. कृषी विभागाची पूर्वसंमती (खरेदीआधीची मंजुरी) मिळण्याआधी मात्र संच मुळीच विकत घेऊ नये.

खरी अडचण पैशांच्या क्रमाची आहे. संचाची पूर्ण किंमत शेतकऱ्याने आधी भरायची, मग देयक अपलोड करायचे, मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन संचाची पाहणी, व्हायची आणि त्यानंतर अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात यायचे. त्यामुळे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच उसनवारी करावी लागते. ऊस-द्राक्षवाल्या बागायतदाराला हे पेलते, कोरडवाहू कापूसवाल्याला क्वचितच.