हातात धरायचे रक्ततपासणी यंत्र : सात महिन्यांनंतर

फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हर येथे मुक्त मॅनेटी (पाण्यात राहणारा, गवत खाणारा मोठा सस्तन प्राणी) जाळ्याने धरून त्यांची आरोग्यतपासणी केली जाते, आणि अशा तपासण्यांत जनावराशेजारीच चालणारी छोटी विश्लेषक यंत्रे वापरली जातात, असे वाचून मी गेल्या डिसेंबरात असे यंत्र घेतले. माझा जनावरांचा दवाखाना वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ आहे, परंतु निम्मे काम पादरा आणि डभोईकडच्या गोठ्यांवर चालते, त्यामुळे रक्ताचा नमुना शहरात आणेपर्यंत लॅक्टेट (स्नायूंवर ताण आला किंवा प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) बदलून जाते ही माझी जुनी अडचण होती. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात घालायच्या चाचणीच्या छोट्या डबीत, रक्ताचे दोन-तीन थेंब भरले की काही मिनिटांत सामू, पोटॅशियम आणि लॅक्टेट हाती येतात. अडलेल्या म्हशीजवळ उभे राहून सलाइन कोणते लावायचे हे ठरवता येणे, एवढ्यासाठीही मी हा खर्च पुन्हा करीन.

आकडा वाचायला मात्र मला मॅनेटीनेच शिकवले. या प्राण्याचे रक्त वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवातून, तेथील दोन हाडांच्या मधून घेतात. तिथे धमन्या आणि शिरा एकमेकींत गुंफलेल्या असल्याने नमुना मिश्र असू शकतो, म्हणून त्यातील प्राणवायूच्या आकड्यावर फार विसंबता येत नाही. शिवाय जाळ्यातील धडपडीने लॅक्टेट चढते, आणि तो चढ आजाराचा समजण्याची चूक सहज होते. हे ध्यानात आल्यापासून, म्हैस खोड्यात घालून किती मिनिटे झाली आणि ती किती झगडली हे मी प्रत्येक निकालापुढे लिहितो, व शंका आल्यास ती शांत झाल्यावर दुसरा नमुना घेतो. फेब्रुवारीत एका म्हशीचा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला आणि एक अनावश्यक उपचार टळला.

यंत्राची सर्वांत मोठी उणीव रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणात आहे. हे यंत्र पेशी मोजत नाही, तर रक्ताच्या विद्युतवहनावरून अंदाज बांधते, त्यामुळे प्रथिने घटलेल्या जनावरात आकडा खोटाच कमी दिसतो. इंडियन रिव्हर लगून या खाऱ्या पाण्याच्या सरोवरातील समुद्रगवत नष्ट झाल्याने २०२१ साली फ्लोरिडात असंख्य मॅनेटी उपासमारीने मेल्या. अशा खंगलेल्या जनावरात ही चूक किती महागात पडेल, हे आमच्याकडच्या जंताने पोखरलेल्या वासरांवरून मला कळते. त्यांच्यासाठी मी रक्ताची केशनळी (बारीक नळी) फिरवून लाल पेशी वेगळ्या करणारे जुने सेंट्रिफ्यूजच वापरतो. दाह ओळखण्यासाठी मॅनेटीत सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन फार उपयोगी ठरले आहे, पण ती सोय या यंत्रात नाही.

एप्रिल-मेमध्ये खरा त्रास झाला. माझ्याकडील यंत्र ३० अंशांपलीकडे चालत नाही, आणि वडोदऱ्याचा पारा ४० ओलांडतो तेव्हा गोठ्यात ते निकाल देण्याचेच नाकारते. विक्रेत्याने याची कल्पना दिली नव्हती, याचा मला खेद आहे. आता कार्ट्रिज शीतपेटीत नेतो, यंत्र गाडीच्या वातानुकूलित भागात ठेवतो, आणि उन्हाळ्यातील फेऱ्या पहाटे सहालाच सुरू करतो.